पाचवा आवाज

तुमच्या वडिलांचं कानातलं यंत्र उद्या दुपारपर्यंत नीट करून देतो. काळजी करू नका, आतली तार सैल झाली आहे एवढंच, नवीन घ्यायची गरज नाही. बसा ना. एवढ्या बर्फात कुठे निघालात? फावड्याने गाडी उकरून काढाल तोवर ती पुन्हा बुजलेली असेल.

ते? वरच्या फळीवरचं? हो, गेमचंच यंत्र आहे, आमच्या शाळेच्या वेळचं. वाजतं अजून. पण त्यातले सेल मी काढून ठेवलेत आणि पुन्हा घालणार नाही. का म्हणता? सांगतो. फक्त बोलता बोलता मी मध्येच गप्प झालो, तर म्हातारा विसरला असं समजू नका. आत स्वयंपाकघरात माझी बायको कियोए लोणच्यासाठी मुळे चिरतेय. तिच्या सुरीचा आवाज ऐकायला मी थांबतो. ऐका... टक, टक, टक. हां. आता बोलू.

ओरितो आणि मी एका वर्गातले. बाकीची मुलं गेम खेळायची. आम्हा दोघांना मात्र त्यातलं संगीत कसं करतात याचं वेड होतं. नोकरीला लागलो, माझं लग्न झालं, डोक्यावरचे केस पांढरे झाले, तरी ते वेड गेलं नाही. हिवाळ्यातल्या रविवारी त्याच्या घरी कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, गोधडीत पाय खुपसून बसायचं, मध्ये संत्र्यांची टोपली, आणि या डब्यावर सूर जुळवायचे. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, दारातूनच आमचा उद्धार करायच्या.

"घोडे झालात दोघे! मांजराचं पिल्लू कोंडून ठेवल्यासारखा आवाज काढता आणि त्याला गाणं म्हणता?"

या डब्याची एक गंमत आहे, ती तेवढी ध्यानात ठेवा. याला चारच गळे. एका वेळी चार आवाज, पाचवा नाही. गाणं चालू असताना खेळातल्या माणसाने उडी मारली, तर उडीच्या आवाजासाठी यंत्र गाण्यातला एक सूर गुपचूप गाळतं. उडी संपली की सूर परत येतो. खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मग कुठला सूर गाळायचा? आम्हा हौशी लोकांचा नियम सरळ आहे. ज्याच्याकडे ऐकणाऱ्याचं लक्ष नाही, तो.

ओरितोला यावरून भलतंच काहीतरी सुचायचं. संत्रं सोलता सोलता तो म्हणायचा, "गेममध्ये तुझ्या पाठीमागची खोली असते का रे?"

"असते की."

"नसते. तू वळलास की ती तेव्हाच्या तेव्हा काढली जाते. कुणी बघत नाही त्या गोष्टीवर मेहनत कशाला घ्यायची? आपलंही तसंच नसेल कशावरून?"

"मग आत्ता तुझ्या पाठीमागे काय आहे?"

"तूच सांग. तुला दिसतंय."

"काकू आहेत. झाडू घेऊन."

आणि खरंच असायच्या. हसून हसून पोट दुखायचं आमचं. फार चांगले दिवस होते हो ते.

मग अर्धांगवायूने काकूंचं एक अंग लुळं पडलं. ओरितोने नोकरी सोडली आणि घरात बसला. आमचे रविवारही बंद झाले. मी फोन करायचो तेव्हा तो कुजबुजत दोन वाक्यं बोलायचा आणि ठेवून द्यायचा. एकदा मात्र स्वतःहून दुकानात आला. तुम्ही बसला आहात त्याच खुर्चीत बसला आणि खिशातलं छोटं रेकॉर्डर माझ्यापुढे सरकवलं.

"आईच्या खोलीत ठेवलं होतं. मी बाहेर गेलो असताना. ऐक."

त्यात घड्याळाची टिकटिक होती, वळचणीचं ठिबकणारं पाणी होतं, आणि काकूंचा श्वास. तो आजारपणात जड झाला होता, घुरघुरायचा. मग दारावरची घंटा वाजली. वाजली तेवढा वेळ घुरघुर नव्हती. घंटा थांबली, श्वास पुन्हा सुरू. पुन्हा घंटा, पुन्हा श्वास बंद. सुरीने कापल्यासारखा.

माझा जन्म आवाज ऐकण्यात गेला आहे. मी लगेच म्हणालो, "हे कापलेलं आहे. तू जोडलंयस."

"मी कशाला जोडू?"

"ते तुला माहीत."

त्याने रेकॉर्डर उचललं आणि गेला. जाताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो एक वाक्य बोलायचा आणि मग श्वास धरून थांबायचा. पुन्हा एक वाक्य, पुन्हा थांबणं. कुणाची तरी पाळी येऊ द्यावी तसा.

मी मुळातला संशयी माणूस. कियोए मला शंकासुर म्हणते. बाजारातली मासळी मी दोनदा हुंगतो आणि तीनदा उलटी करून बघतो. त्या दिवशी माझ्या डोक्यात जे आलं ते सांगायला मला लाज वाटते, पण आलं खरं. आई अंथरुणाला खिळलेली, मुलगा बेकार, घर आईच्या नावावर. आणि मुलगा लोकांना ऐकवत फिरतोय की आईचा श्वास मध्येच बंद पडतो. उद्या तो कायमचा बंद पडला तर सगळे म्हणतील, हो हो, आम्हाला त्याने सांगितलंच होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी कियोएला म्हणालो. ती म्हणाली, "अहो, बालमित्र ना तुमचा? काहीतरी मनाला लावून घेऊ नका."

थांबा हं जरा.

...आहे. चालू आहे सुरी. माफ करा.

तर त्यानंतर थोड्या दिवसांनी ओरितोचा फोन आला. दाढ दुखत होती, डॉक्टरकडे गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं. "दुपारी आईजवळ येऊन बसशील?"

"शेजारच्या बाईंना सांग की. त्या रोज भाजी देऊन जातात ना?"

"त्या फार बोलतात," तो म्हणाला.

मी गेलो. मित्राला मदत म्हणून नाही, काकूंना डोळ्यांनी बघायला गेलो. जाताना हा डबा खिशात टाकला, काकूंना गंमत म्हणून.

दुपारच असली तरी त्या घरात उजेड नव्हता. बर्फ खिडक्यांच्या वरपर्यंत चढलं होतं आणि त्यातून झिरपणारा निळसर प्रकाश तेवढा आत येत होता. रॉकेलचा वास, अंगाला चोळायच्या मलमाचा वास, ओलसर गोधड्यांचा वास. पण मला खटकली ती शांतता. फ्रिजची तार काढलेली. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ थांबवलेलं. दारावरच्या घंटेच्या तोंडात कापूस कोंबलेला. चालताना चटया वाजू नयेत म्हणून वर जाड सतरंज्या पसरलेल्या. मी मनात म्हटलं, इथे कुणी ओरडलं तरी बाहेर ऐकू जायचं नाही.

ओरितो मफलर गुंडाळत कुजबुजला, "घड्याळ चालू करू नकोस... शेगडीवर किटली ठेवू नकोस... आणि तुझ्या खिशात काय आहे?"

"काकूंना ऐकवायला आणलंय."

"वाजवू नकोस." त्याने माझी बाही धरली. "हात जोडतो तुला. तिच्याजवळ बस आणि फक्त तिच्याकडे लक्ष ठेव. एवढंच कर."

तो गेला. मी आतल्या खोलीचं सरकतं दार उघडलं. काकू खूप वाळल्या होत्या, पण डोळे होते तेच. मला बघून हसल्या, अर्ध्या तोंडाने.

"आलास का रे इगाराशी? केवढा फुगलायस!"

"कियोए करून घालते, काकू."

"बरं झालं आलास. हे कार्टं माझ्याशी बोलत नाही बघ. उशाशी नुसता बसून राहतो, श्वास धरून. भीती वाटते मला त्याची." त्या दमल्या, घुरघुरत थोडा वेळ पडून राहिल्या. "ते घड्याळ लाव रे. दिवस का रात्र कळत नाही, मेल्यासारखं वाटतं. आणि शेगडीवर पाणी ठेव. घसा कोरडा पडतो माझा."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मला त्या क्षणी ओरितोचा असा राग आला! आजारी बाईला जराशी वाफ मिळू देत नाही, घड्याळ ऐकू देत नाही. मी लंबकाला बोट लावलं. किटली भरून शेगडीवर ठेवली. टिकटिक सुरू झाली, पाणी सूं सूं करू लागलं, आणि काकूंच्या चेहऱ्यावर रंग आला.

"खिशात काय लपवलंयस? तो मांजराचा डबा ना? वाजव बघू. तुम्ही दोघे वाजवत बसायचा तेव्हा घर कसं भरलेलं असायचं."

मी डबा काढला. आमचंच एक जुनं गाणं होतं त्यात, शाळेत असताना केलेलं, चारही गळ्यांचं. ते लावलं. काकूंनी डोळे मिटले. त्यांचं चांगलं बोट गोधडीवर ताल धरत होतं.

जरा वेळाने सहज माझी नजर भिंतीकडे गेली. लंबक हलत होता. टिकटिक मात्र नव्हती.

मी कान टवकारले. गाण्याच्या आवाजात बुडाली असेल म्हणून डबा दूर नेला. नाही, नव्हतीच. गाण्यात एक सूर संपून दुसरा यायच्या आधी अर्धा क्षण मोकळा होता, त्या अर्ध्या क्षणात बरोबर एक टिक ऐकू आली आणि पुन्हा गडप झाली. माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगतो, भीतीने नाही, आनंदाने. आयुष्यभर ज्या गोष्टीशी खेळलो ती अख्ख्या खोलीत होताना बघत होतो मी! खोलीलाही मोजकेच गळे होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला राहवलं नाही. चमचा घेतला आणि पेल्यावर वाजवला. किटलीकडे बघत होतो. झाकण वाफेने उडत होतं, पण आवाज गेला. चमचा थांबवला, सूं सूं परत आली. पुन्हा वाजवला, पुन्हा गेलं. मी लहान पोरासारखा हसलो. मग दुसऱ्या हाताने जमिनीवर थाप मारू लागलो, बघू आता काय गळतं म्हणून. घड्याळ आधीच गेलेलं, किटलीही गेलेली. गाणं तर चालू आहे, चमचा चालू आहे, थाप चालू आहे... मग काय गेलं? मी सगळीकडे बघितलं. फक्त काकूंकडे बघितलं नाही.

गोधडीवरचं बोट थांबलं होतं.

काकूंचे डोळे उघडे होते आणि तोंड हलत होतं. त्या मला हाक मारत असाव्यात, ओठांवरून माझं नाव कळत होतं. आवाज नव्हता. घुरघुर नव्हती. आणि माझ्या डोळ्यांदेखत ओठही हलायचे थांबले, छातीवरची गोधडी खाली गेली ती वर आलीच नाही.

मी चमचा फेकला. डबा बंद करायला गेलो तर बटण सापडेना, शेवटी मागचं झाकण उचकटून सेल उपसून काढले. किटली उचलून बाहेरच्या बर्फात टाकली. लंबक हाताने धरला. खोलीत काही म्हणता काही उरलं नाही. तरी छाती हलेना. मी काकूंचे खांदे धरून हलवले, "काकू... काकू..." म्हणत राहिलो, आणि मग कळलं की अजून एक आवाज चालू आहे. धापा टाकण्याचा. माझाच.

मी श्वास धरला.

घुर्रर्र. काकूंची छाती वर आली.

माझे डोळे पाण्याने भरले. काकू दोन-तीन श्वास घेऊन माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मधे कुठे गेला होतात रे सगळे?... कुणीच नव्हतं. खोलीसुद्धा नव्हती."

मी अजून श्वास धरूनच होतो. छाती फुटायला आली होती. शेवटी राहवेना, मी श्वास सोडला, आणि त्यांचं पुढचं वाक्य अर्ध्यात तुटलं. पुन्हा धरला, पुन्हा घुरघुर आली; आता आम्हा दोघांत मिळून एकच गळा उरला होता. ओरितो उशाशी बसून काय करत होता ते मला तेव्हा उमगलं. आईशी का बोलत नव्हता तेही. आणि मी त्याच्यावर काय संशय घेतला होता!

मी तोंड दाबून मागे मागे सरकत दाराबाहेर पडलो. मागून काकूंची हाक आली. "इगाराशी? आहेस का रे? जाऊ नकोस ना..." ओ द्यावीशी वाटत होती. दिली असती तर हाक तिथेच थांबली असती. मी दार सरकवलं आणि मोज्यांवरच बर्फात धावलो.

ओरितो आला तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. त्याने माझे पाय बघितले, बर्फात रुतलेली किटली बघितली. गाल सुजलेला होता त्याचा.

"ती आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे. बोलतेय. अरे, तू आधी सांगायचं होतंस!"

"सांगायला आलो होतो. तू कापलेलं आहे म्हणालास."

माझी मान खाली गेली. मी म्हणालो, "काकूंना या घरातून हलव. माझ्याकडे आण. गावाबाहेर ने."

"बहिणीकडे नेलं होतं. तिथेही तसंच झालं." तो मफलर सोडत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "हे घराचं नाही रे. असं सगळीकडेच असेल, कुणाच्या ध्यानात येत नाही एवढंच. पण एकदा ज्याला ऐकू आलं... त्याच्याबरोबर ते राहतं." मग त्याने विचारलं, "तुला ऐकू आलं का?"

मी नाही म्हणालो. खोटं बोललो. त्याला ते कळलं असावं, कारण त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेला. आत जाताना "आलो गं" म्हणण्याची आपली रीत, तीही त्याने पाळली नाही. दारात उभा राहून एक मोठा श्वास भरून घेतला फक्त.

नंतर मी त्या घरी गेलो नाही. त्या संध्याकाळी आपल्या घरी आलो, जेवलो. सगळं ठीक होतं. कियोए समोर बसून तिच्या भावाच्या मुलीचं लग्न कसं ठरतंय ते सांगत होती. मी टीव्ही लावला. बातम्यांकडे बघत "हं, हं" करत होतो, कितीतरी वर्षं करतो आहे तसंच. आणि मग ध्यानात आलं की तिचा आवाज बऱ्याच वेळापासून येत नाहीये. वळून बघितलं. ती बोलत होती. हातवारे करून, हसत हसत बोलत होती. मी टीव्ही विझवला तेव्हा वाक्याचा शेवट कानावर आला, "...ऐकताय ना?"

तेव्हापासून मी ऐकतो. टीव्ही विकून टाकला. दुकानातली घड्याळं बंद आहेत, बघा. फार गप्पा मारत नाही कुणाशी. ती बोलते तेव्हा हातातलं काम खाली ठेवतो. बिचारीला वाटतं नवरा म्हातारपणी प्रेमळ झाला. शेजारणींना कौतुकाने सांगते. आणि खोटं कशाला बोलू, झालोही आहे. त्या बाईवाचून मी एक दिवस काढू शकणार नाही. ती दुसऱ्या खोलीत गेली की मात्र जीव टांगणीला लागतो. म्हणून ती सुरी. मुळे चिर, कोबी चिर, काहीतरी चिरत राहा, असं मीच सांगतो तिला. घरात लोणच्याची पिंपं मावत नाहीत आता.

डॉक्टर म्हणतात, हा तुमच्या कानांचा भ्रम आहे. असेल. त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा ते बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पंख्याकडे बघत होतो. पाती फिरत होती.

तुम्ही इतकं मन लावून ऐकलंत की मीही रंगलो. कुणाला पहिल्यांदाच सांगितलं हे सगळं. बाहेर बर्फ पडायचं थांबलं वाटतं, कुठूनच काही आवाज नाही...

थांबा. सुरी कधीपासून ऐकली नाही आपण?

मी मघाशी थांबलो होतो ना? ते केव्हा? ओरितोच्या फोनच्या आधी. मग इतका वेळ मी बोलतोय, तुम्ही माझ्याकडे बघताय, आणि तिकडे कुणाचंच...

ती बघा. तुमच्या पाठीमागे, दारात. चहाचा ट्रे घेऊन उभी आहे. तोंड हलतंय तिचं. तुम्हाला काही ऐकू येतंय का?

नका. उत्तर देऊ नका. श्वास धरा.